भुतांची वहिवाट

'शहर आणि रात्र' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा पुण्यातील झपाटलेल्या जागांची एक सुरस यादी मी त्यांना करून द्यावी, अशी त्यांची अपेक्षा असावी. तशी यादी करणे अवघड नाही. पेठांमधील कोणत्याही कट्ट्यावर दिवेलागणीला अर्धा तास बसले की ती आपोआप हाती पडते, आणि तिच्या अग्रभागी शनिवारवाड्याचे नाव असते हे सांगण्यास कोणा ज्योतिषाची गरज नाही. परंतु त्या निमित्ताने संध्याकाळी पेठांतून हिंडू लागल्यावर माझे लक्ष यादीत असलेल्या जागांपेक्षा यादीत नसलेल्या जागांकडेच अधिक वेधले जाऊ लागले. ज्या नगरात गेल्या अडीच-तीन शतकांत माणसे तलवारीने मेली, तोफेने मेली, प्लेगने मेली, १९६१ च्या जुलैत पानशेतच्या लोंढ्यात वाहून गेली, तेथे भुतांनी कोपऱ्याकोपऱ्यावर दाटी करावयास हवी होती. प्रत्यक्षात त्यांची वहिवाट मोजक्याच ठिकाणी आहे, आणि ती ठिकाणे मरणाच्या संख्येवरून ठरलेली नाहीत, हे निश्चित. मग ती कशावरून ठरतात?

दिल्ली दरवाज्याच्या आत

शनिवारवाडा बंद होण्याच्या सुमाराला तेथे जावे. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे त्या वेळच्या तिरप्या उन्हात आपली सावली फळीवर टाकीत असतात. हिरवळीवर बसलेल्या जोडप्यांना उठविण्यासाठी पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. सहलीला आलेल्या शाळेतील शेवटची रांग मोजण्यात बाई गुंतलेल्या असतात. नगारखान्याखालून आत गेले की पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया निराशेची होते, कारण आत वाडा नाही. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाने ज्याचा पाया घातला, दोन वर्षांनी ज्याची वास्तुशांत झाली आणि पुढच्या पेशव्यांनी ज्यावर मजल्यांवर मजले चढवले, ती सागवानी इमारत २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत कित्येक दिवस जळत राहिली. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना, आणि आतील दगडी जोती.

त्या जोत्यांवर उभा राहून गाईड जे करतो ते पाहण्यासारखे असते. तो हवेकडे बोट दाखवतो. येथे गणपती-रंगमहाल, तेथे आरसेमहाल, या बाजूने श्रीमंत नारायणराव पेशवे धावत निघाले, त्या दारातून काकांच्या दालनात शिरले. ऐकणारी मंडळी त्याच्या बोटाबरोबर माना वळवतात, आणि गुडघाभर उंचीच्या दगडी रेषांपलीकडे कोणालाही काही दिसत नसताना प्रत्येकाला जिना दिसतो, दार दिसते, पडदा दिसतो. भिंती असलेला शनिवारवाडा आज एवढ्या एका गोष्टीतच शिल्लक आहे. त्यांचा खून झाला नसता, तर येथे कोणती खोली कोठे होती हे लक्षात ठेवण्याचे कष्ट पुराणवस्तूच्या अभ्यासकांखेरीज कोणी घेतले नसते.

दरवाज्याशी उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याला मी, अमावास्येच्या रात्री येथे ऐकू येते म्हणतात त्या किंकाळीविषयी विचारले. तो हसला नाही, चिडलाही नाही. हा प्रश्न त्याच्या रोजच्या पगारात धरलेला असावा. "साहेब, आवसेला भूत येतं का न्हाई मला ठाव न्हाई, पण पोरं येत्यात. मोबाईल घेऊन येत्यात, तटाला कान लावून बसत्यात, आन् आम्हाला म्हनत्यात आत सोडा." आत घुबडे आहेत, वटवाघळे आहेत, मांजरे तर विपुल आहेत, शिवाजी रस्त्यावरील वाहनांचा गलका तटावर आपटून भलत्याच बाजूने ऐकू येतो, हे सारे त्याने एखाद्या कोठाराची मोजदाद द्यावी तसे सांगितले. मग क्षणभर थांबून म्हणाला, "पर त्या बाजूच्या दारापाशी मी एकटा बसत न्हाई." त्याने हात केला ती बाजू नारायण दरवाज्याची होती.

दुपारची किंकाळी

या दरवाज्याला नारायणरावाचे नाव पडले ते त्याचे छिन्नविच्छिन्न शव दहनासाठी त्या वाटेने बाहेर नेले म्हणून, असे पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेला. पेशवा वयाने अठरा वर्षांचा, थोरल्या माधवरावाच्या मृत्यूनंतर गादीवर येऊन वर्षही न झालेला. त्याच वाड्यात चुलता रघुनाथराव नजरकैदेत. काही तरी शिजते आहे, याची कुणकुण त्या दिवशी सकाळी नारायणरावाला लागली होती व त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करावयास सांगितलेही होते. हरिपंत मात्र एका स्नेह्याकडे जेवावयास गेले. मराठ्यांच्या इतिहासातील अनेक उत्पात जेवणाच्या वेळेने घडवले आहेत, असे मला कधीकधी वाटते.

सुमेरसिंग, महंमद इसफ व खरगसिंग यांचे गारदी आत घुसले ते थकलेल्या पगाराचा तगादा लावण्याच्या निमित्ताने. पुढचे प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे: चुलत्याच्या कमरेला मारलेली मिठी, "काका, मला वाचवा" हा आक्रोश, तुळाजी पवाराने ओढून काढलेले पाय, आणि मिठीतच झालेले वार. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला व मेला. त्या गर्दीत आणखी नोकरचाकर, दासी, ब्राह्मण आणि एक गायही कापली गेली, असे बखरी सांगतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. हा खून रात्री झालेला नाही, आणि अमावास्येलाही नाही. तो दुपारी, दिवसाढवळ्या झाला, आणि तिथी अशी की त्या रात्री चंद्रबिंब जवळजवळ पूर्ण होते. लोकांनी मात्र किंकाळीची नेमणूक अमावास्येच्या मध्यरात्री केली. काहींनी पौर्णिमेच्या रात्री केली. पंचांग पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण ज्याला ऐकावयाची इच्छा आहे त्याला दुपारी कोठे ऐकू येणार? दुपारी शिवाजी रस्त्यावर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

किंकाळीचा दुसरा एक वापर पुणेकरांनी, किंबहुना सर्व महाराष्ट्राने, चालू ठेवला आहे, आणि त्याला अंधाराची गरज लागत नाही. राजकारणातील कोणताही पुतण्या कोणत्याही काकाशी फटकून वागला, अथवा काकाने पुतण्याचा हात सोडला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील व्यंगचित्रात नारायणराव हजर होतो. 'ध' चा 'मा' करणे तर कचेरीतील कारकुनाच्या तोंडीही असते. रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई हिने गारद्यांना दिलेल्या हुकुमात 'धरावे'चे 'मारावे' केले की नाही, याची शहानिशा त्याने कधी केलेली नसते. खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आणले, प्रभातने १९४४ साली 'रामशास्त्री' पडद्यावर आणला, आणि दोन्ही वेळा लोकांना जे पाहावयाचे होते ते खुनापेक्षा खुनानंतरचे होते: न्यायाधीश सिंहासनासमोर उभा राहून, आपणांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे खुद्द रघुनाथरावाला सांगतो तो प्रसंग.

रामशास्त्री प्रभुण्यांनी निकाल दिला, पण त्याची बजावणी झाली नाही. शास्त्री पुणे सोडून निघून गेले. रघुनाथराव काही काळ पेशवा म्हणून मिरवला, बारभाईंनी त्याला बाहेर काढल्यावर इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १७८३ साली कोपरगावी अंथरुणावर मेला. गारद्यांपैकी काहींना पुढे पकडून देहदंड झाला. ज्याच्या नावावर निकाल होता, त्याच्या नावावरची बाकी तशीच राहिली. माझ्या मते शनिवारवाड्यातील भूत हे या बाकीचे आहे. नारायणराव मेला म्हणून तो ओरडत नाही. फैसला झाला आणि वसुली झाली नाही, म्हणून ओरडतो.

ज्यांची भुते झाली नाहीत

हे म्हणणे कितपत टिकते ते पाहण्यासाठी त्याच वाड्यातील दुसरे मरण घ्यावे. नारायणरावाचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ रोजी वाड्याच्या सज्जातून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. वय एकवीस. तोल गेला की त्याने उडी टाकली, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. करुणरसाच्या दृष्टीने पाहिले तर बापापेक्षा मुलाची कहाणी उणी नाही. तरीही सवाई माधवरावाचे भूत मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. गाईडही कारंज्यापाशी पाकळ्यांची संख्या सांगतो आणि पुढे सरकतो. येथे आरोपीच नाही. फिर्याद कोणावर करावयाची?

उलट बाजूचे उदाहरण घाशीराम कोतवालाचे. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या चौकीत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. मरणाची रीत इतकी भीषण की दुसऱ्या कोणत्याही गावात त्या जागेवरून लोक अजून दिवेलागणीनंतर गेले नसते. पण जमावाने कोतवाल मागून घेतला, नाना फडणविसांनी तो दिला, त्याची धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून त्याचा शेवट झाला. हिशेब अमानुष रीतीने का होईना, पुरा झाला. पुढे १९७२ साली तेंडुलकरांनी घाशीरामाला नाटकात उभा केला आणि त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. मात्र ते सारे नाट्यगृहात व सभांत. पिंपळावर तो कधी बसला नाही. १९७६-७७ सालच्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता सदाशिव पेठेतील दारे आतून कड्या लावून बंद होत; त्या भयाची आठवण असणारी माणसे आजही तो काळ खालच्या आवाजात सांगतात. त्यांच्या सांगण्यात भूत नाही. १९८३ साली येरवड्यात गुन्हेगार फासावर गेले, आणि त्या घरांवर काही चढले नाही.

सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधराने तर ही गोष्ट आणखी सोपी केली. गद्र्यांनी बांधलेल्या या देवळापाशी प्रतिष्ठापनेच्या वेळी चकमक होऊन माणसे पडली, असे सांगतात. पुढे १८९९ साली द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही याच परिसरात. रक्ताचा डाग पुणेकरांनी देवाच्याच नावाला लावून टाकला आणि मोकळे झाले. जो खुनाचे नाव उघड मिरवतो त्याच्याकडे भूत वस्तीला जात नाही, आणि मुरलीधराला या विशेषणाने यत्किंचित कमीपणा आल्याचे तेथील भाविकांकडे पाहून वाटत नाही.

दुसऱ्या बाजीरावाची कथा मात्र माझ्या बाजूने पुरावा देते. रघुनाथरावाचा हा मुलगा गादीवर आल्यावर नारायणरावाचे भूत त्याच्या पाठीस लागले, असे म्हणतात. मारणारा नव्हे, त्याचा वारस. जसे कर्ज पोराच्या माथी बसते तसेच. त्याने ब्राह्मणभोजने घातली, दाने दिली, पंढरपूरच्या पुजाऱ्यांचे उपाय केले, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून पुण्याभोवती आंब्याची हजारो झाडे लावली. यातील भुताचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु मनातील टोचणीने इतक्या लोकांना सावली दिल्याचे दुसरे उदाहरण पेशवाईत सापडणे कठीण. बाजीरावाच्या बाकीच्या कारभाराविषयी जे वाचावयास मिळते ते पाहता त्याला आणखी दोन-चार भुते लागली असती तर बरे झाले असते.

वेताळाची पेठ आणि जमिनीखालचे पुणे

आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती. भुतांच्या अधिपतीच्या देवळावरून पेशव्यांच्या राजधानीतील एका पेठेला नाव मिळाले होते, आणि तेथे घर घेताना कोणी बिचकत नसे. शहराच्या पश्चिमेला जी सर्वांत उंच टेकडी, तिच्यावरही वेताळच आहे. पहाटे तेथे फिरावयास जाणारी निवृत्त मंडळी त्याच्या शेंदूर लावलेल्या शिळेपुढे हात जोडतात, पायांतील बुटांची नाडी आवळतात आणि उतरू लागतात. वेताळ हा स्वतः भय नव्हे, तो भयाचा अंमलदार. अमावास्येला मशाली घेऊन त्याची स्वारी निघते, मागे साऱ्या भुतांचा लवाजमा असतो, ही समजूत जुन्यांनी पोसली तिच्या मुळाशी ही सोय असावी, की मोकाट फिरणाऱ्याला कोणी धनी आहे आणि त्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जाता येते.

भुयारांच्या गोष्टी ही पुण्याची दुसरी हौस. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे. अमुक वाड्याच्या तळघरातून तमुक देवळात निघता येते. आत गेलेला माणूस परत आला नाही. या गोष्टी ज्यांनी पहिल्यांदा सांगितल्या ते अगदीच खोटे बोलत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले ते जमिनीखालच्या चिरेबंदी नळातून, आणि हा नळ इतका ऐसपैस की दुरुस्तीसाठी माणूस त्यातून चालत जाऊ शके. ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास, गाळ बसण्यासाठी हौद, आणि पेठोपेठी पाणी भरण्याचे काळा हौद, नाना हौद यांसारखे हौद. नळाचे पाणी आले, हौदांवरची गर्दी ओसरली, आणि पाणी कोठून येत होते हे विसरणारी पिढी जन्माला आली. मग एखाद्या घराचा पाया खणताना कुदळ पोकळीवर आदळते, खालून गार वारा आणि पाण्याचा अस्पष्ट आवाज येतो. अशा वेळी मजुराला कात्रजचा तलाव आठवावा ही अपेक्षा करणेच चूक.

पिंपळ, आड आणि पार्किंग

राजवाड्यातील भूत एक; भाडेकरूंच्या वाड्यांतील भुते अनेक, आणि ती अधिक घरगुती. नारायण पेठेतील एका वृद्ध बाईंकडे मी बसलो होतो. त्यांचे बालपण ज्या वाड्यात गेले तेथे बारा-पंधरा बिऱ्हाडे, एक आड, परसात संडासांची रांग, आणि रांगेच्या टोकाला पिंपळ. रात्री परसाकडे जावयाचे तर कंदील आणि सोबत हवी. "आमच्या पिंपळावर मुंजा होता हो," बाई म्हणाल्या, "पण त्रास नाही द्यायचा. आई शनिवारी दहीभात ठेवायची. एकदा मी तिला विचारलं, अगं, तो कोण होता? तर म्हणाली, मालकांच्या घरातलाच, मुंज झाली आणि गेला."

मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर तो मुंजा होतो, ही समजूत सर्वपरिचित आहे. बाळंतपणात गेलेली ती हडळ, वासना अडकलेला तो समंध, वाट चुकवणारा तो चकवा. आमच्या पूर्वजांनी भुतांची वर्गवारी महसुली दफ्तराला शोभेल अशी केलेली आहे, आणि तीतील जवळजवळ प्रत्येक सदर हे अर्धवट राहिलेल्या कार्याचे आहे. येथे न्यायनिवाड्याचा प्रश्न नाही. कोणी कोणाला मारलेले नाही. पण बाकी आहेच. ज्या घरांत दर पिढीला दोन-चार मुले पाचवीच्या आत व दोन-चार मुंजीच्या पुढेमागे जात, त्या घरांत आईने कोणासमोर रडावे? पिंपळाखाली दहीभात ठेवण्याला कोणाची मनाई नव्हती. भीती मुलांना घालण्यासाठी होती, आणि तिचाही उपयोग होता: काळोखात आडाच्या काठाशी मुलांनी जाऊ नये, यासाठी "आडात बाई आहे" एवढे तीन शब्द कोणत्याही कठड्यापेक्षा स्वस्त पडत.

तो वाडा आता नाही. मालक आणि भाडेकरू यांचा दावा कोर्टात पडून राहिला, वरचा मजला खचला, माणसे उठून गेली, आणि मधल्या वर्षांत रात्री तेथे पैंजण वाजतात अशी वदंता पसरली. जुन्या पेठांत अशी वदंता नेहमी रिकाम्या वाड्याविषयीच उठते, आणि रिकामा वाडा बहुधा वादातला असतो, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. ती कोणाच्या सोयीची होती ते विचारले तर बाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "ज्याला जागा स्वस्तात हवी होती त्याच्या." पुढे तडजोड झाली, वाडा पडला, आड बुजवला, आणि पाच मजली इमारत उभी राहिली. पैंजण थांबले.

मुंजा मात्र राहिला. पिंपळ तोडण्यास मजूर तयार होईनात, तेव्हा बिल्डरने ब्राह्मण बोलावून शांत करवली, खोडाशी असलेला शेंदरी दगड उचलला आणि पार्किंगच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या खोलीला लागून, फरशी लावलेल्या एका कोनाड्यात बसवला. वर छोटा दिवा आहे. त्याचे बिल सोसायटीच्या सामाईक मीटरवर येते, आणि एका सभासदाने त्याला हरकत घेतली तेव्हा वार्षिक सभेत ती एकमताने फेटाळली गेली. दगडासमोरची गाडी लावण्याची जागा कोणी घ्यावयास तयार नव्हते. ती अखेर पाहुण्यांसाठी ठेवली आहे.

अशा इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका आर्किटेक्टला मी विचारले की, हा कोनाडा कागदावर कसा दाखवता? त्याने संगणकावर एक जुना नकाशा उघडून बोट ठेवले. चौकोनात बारीक अक्षरांत लिहिले होते: 'अस्तित्वातील देवस्थान'. "मुंजा असं लिहिलं तर मंजुरीच्या टेबलावर प्रश्न येतात," तो म्हणाला, "मालक कोण, वहिवाट कोणाची, वारस आहेत का. देवस्थान लिहिलं की कुणी काही विचारत नाही."